विक्री एकाएकीं मंदावते तेव्हां

पावसाळ्यांत राधानगरीच्या धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला कीं ती वार्ता पाण्याच्याही आधीं कोल्हापुरास पोंचते. भोगावतीचें पाणी पंचगंगेंत मिसळून शहराच्या घाटाच्या पायऱ्या चढूं लागण्यास कांहीं अवधि असतो. तेवढ्यांत नदीकांठचा मनुष्य आपलीं जनावरें हलवितो, दुकानदार खालच्या फळीवरील माल वरच्या फळीवर नेऊन ठेवतो, आणि मग पाणी आलें तरी त्याचा धक्का बसतो, पण आश्चर्य वाटत नाहीं. पाणी कोठून आलें, कां आलें, केव्हां ओसरेल, याचा अदमास त्याच्यापाशीं असतो. व्यापारांतील भरती-ओहोटीचें तसें नाहीं. आणि ज्या पेठेंत उंबरठा नाहीं, गल्ला नाहीं, गिऱ्हाइकाचें तोंडही दिसत नाहीं, त्या ऑनलाईन पेठेंत तर मुळींच नाहीं. काल पंचवीस मागण्या होत्या, आज चार आहेत, उद्यां कदाचित् एकही नसेल. आणि असें कां झालें हें सांगण्यास दारांत कोणी उभा नाहीं. अशा वेळीं विक्रेत्यानें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय नवा असला तरी धंदा जुना घेतला म्हणजे तो समजण्यास सोपा जातो. म्हणून उदाहरणास गूळ घेणें बरें. शाहू छत्रपतींनीं १८९५ मध्यें कोल्हापुरांत शाहूपुरीची पेठ वसविली, ती गुळाच्या व्यापाराचें घर बनली. पुढें त्यांनींच हातीं घेतलेल्या राधानगरीच्या धरणाचें पाणी मिळूं लागलें, आणि भोगावती-पंचगंगेच्या कांठीं ऊंस फोफावला. कोल्हापुरी गुळाचा मोठा भाग वर्षानुवर्षें गुजरातेकडे जात आला आहे. दिवाळीच्या पाडव्यास बाजार समितीच्या आवारांत मुहूर्ताचा सौदा निघतो, तो पाहावयास शेतकरी मुद्दाम येतो. २०१४ मध्यें या गुळास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली.

या जुन्या पेठेंतही भाव पडत असत आणि आजही पडतात. पण भाव पडला तर तो कां पडला, हें शेतकऱ्यास तेथल्या तेथें दिसतें. आवारांत किती रवे उतरले, घेणारे किती उभे आहेत, गुजरातेकडील व्यापारी हात आंखडता घेत आहे कीं काय, शेजारच्या कर्नाटकांतून माल आला आहे काय, हें सारें तो डोळ्यांनीं पाहतो आणि चहाच्या टपरीवर कानांनीं ऐकतो. शिवाय संध्याकाळीं अडत्याच्या पेढीवरून त्याच्या हातीं पट्टी पडते. किती वजन, काय भाव, अडत किती, हमाली किती, तोलाई किती, सर्व त्यांत लिहिलेलें असतें. निरक्षर शेतकरी देखील ती पट्टी दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावांचून घरीं जात नाहीं. ऑनलाईन पेठही आपल्या विक्रेत्यास दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास अशीच एक पट्टी पाठविते. पण ती मोबाईलमध्यें पडून राहते, आणि बँकेंत किती रुपये जमा झाले एवढाच शेवटचा आंकडा पाहून ती मिटली जाते. विक्री मंदावण्याचीं कारणें बहुधा त्या न वाचलेल्या पट्टींतच दडलेलीं असतात, हें आजच्या भाषणाचें मुख्य म्हणणें होय.

राधानगरी तालुक्यांतील असा एक तरुण डोळ्यांपुढें आणावा. घरचा दीड एकर ऊंस, गांवच्या गुऱ्हाळावर पाळी लावून केलेला गूळ. पुण्यास चार वर्षें नोकरी झाली. २०२० सालीं महामारींत ती सुटली म्हणून तो घरीं परतला. बापाचे रवे मार्केट यार्डांत जात, त्यांतून थोडा गूळ बाजूस काढून यानें किलोकिलोच्या पुड्या बांधल्या, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं आणि एका मोठ्या ऑनलाईन पेठेवर मांडलीं. पहिल्या वर्षीं दिवसास दोन, मग पांच, मग पंधरा. पुडे बांधावयास शेजारच्या दोन बायका येऊं लागल्या. पतसंस्थेचें कर्ज काढून पाकिटें बंद करण्याचें यंत्र आणलें. चुलता जामीन राहिला. दिवसाच्या मागण्या पंचवीसवर गेल्या, आणि पुढच्या वर्षीं पन्नास होतील या हिशेबावर त्यानें आणखी माल भरला. मग ऑगस्टमध्यें, आठ-दहा दिवसांच्या आंत, पंचवीसचे चार झाले.

असा तरुण एकटाच नाहीं. थोड्याफार फरकानें असे अनेक घरोघर आहेत. कोणी मध विकतो, कोणी आमसुलें, कोणी चपला. त्यांतील बहुतेकांच्या हातून पहिली गोष्ट होते ती हीच, कीं रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईल काढून ते भाव उतरवितात. भाव उतरविणें सोपें असतें. त्याला कोणास विचारावें लागत नाहीं, आणि कांहीं तरी केल्याचें समाधान मिळून झोंप लागते.

शाळेंतल्या अंकगणितानें हा भाव उतरविण्याचा उपाय तपासून पाहावा. समजा, किलोच्या पुड्याची किंमत १५० रुपये आहे. त्यांत गूळ ६० रुपयांचा, पाकीट व खोकें १४, घरपोंच पोंचविण्याचा खर्च ३८, आणि पेठेचें कमिशन शेंकडा १२ प्रमाणें १८. एकूण खर्च १३० झाला व विक्रेत्याच्या पदरीं २० रुपये उरले. १८ जुलै २०२२ पासून बांधून लेबल लावलेल्या गुळावर शेंकडा ५ वस्तु व सेवा कर बसला, तो हिशेब सोपा राहावा म्हणून येथें धरलेला नाहीं; प्रत्यक्षांत तो धरावाच लागतो. आतां त्या तरुणानें शेंकडा १० भाव उतरविला, म्हणजे पुडा १३५ रुपयांस दिला. गूळ तोच, पाकीट तेंच, वाहतूक तीच. कमिशन मात्र १८ ऐवजीं १६ रुपये २० पैसे झालें. उरले किती? सहा रुपये ऐंशी पैसे. म्हणजे किंमत दहा टक्क्यांनीं उतरली, पण नफा जवळजवळ दोनतृतीयांश गेला. पूर्वींइतकेच रुपये घरीं यावयाचे तर एकाच्या जागीं तीन पुडे खपले पाहिजेत. ज्या पेठेंत गिऱ्हाईक आधींच आटलें आहे तेथें तें तिप्पट कोठून येणार? शिवाय दुसरा विक्रेता १३० करतो, तिसरा १२५. आणि ज्याच्यापाशीं भांडवल मोठें आहे तोच शेवटीं उभा राहतो.

त्या तरुणाचा बाप शाळेंत चौथीपर्यंत गेलेला असेल. मुलगा रात्रीं जागतो हें त्याला दिसलें, तेव्हां त्यानें बाजारांतला नेहमींचाच प्रश्न केला: “आरं, पट्टी वाचलीस काय?” मुलगा म्हणाला, “आबा, त्यात वाचण्यासारखं काय नसतं, कापाकापी असते नुसती.” बाप म्हणाला, “मग कापलं कशाचं, ते तर वाच.”

वाचावयास बसल्यावर पहिल्याच पानावर असें आढळलें, कीं जुलै महिन्यांत दर दहा पुड्यांमागें दोन परत आले होते. उन्हाळ्यांत असा पुडा शंभरांत एखादा असे. परत आलेल्या पुड्याचा हिशेब भाव उतरविण्याहून कितीतरी भयंकर आहे. दहांपैकीं एक पुडा परत आला, तर उरलेल्या नवांचा नफा १८० रुपये. परत आलेला गूळ पुन्हां विकतां येत नाहीं; त्याचे ६० गेले, पाकिटाचे १४ गेले, आणि जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्यावर पडला तर दोन वेळां ३८ म्हणजे ७६ गेले. बेरीज १५०. नऊ पुड्यांनीं मिळविलेल्या १८० पैकीं १५० एकट्या दहाव्यानें खाल्ले आणि हातीं ३० राहिले. दोन पुडे परत आले तर आठांचा नफा १६० आणि दोघांचें नुकसान ३००. म्हणजे दहा पुडे विकून वर १४० रुपये घरचे घालावयाचे. जुलैमध्यें विक्री पंचवीसची होती तेव्हां तो तरुण आनंदांत होता. वस्तुतः त्या महिन्यांत जितका अधिक खप तितका अधिक तोटा होत होता. नियम पेठेपेठेचे निराळे असतात, परतीचा भार कोठें कमी, कोठें अधिक पडतो. परंतु परतीचा रकाना हाच सर्वांत आधीं वाचावयाचा रकाना, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

परत कां आले, तेंही गिऱ्हाइकांनीं लिहून ठेवलें होतें. कोणी लिहिलें, ओला आहे. कोणी, चिकट झाला आहे. कोणी, रंग काळा आहे, भेसळ दिसते. यांतील पहिल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या, तिसरी गैरसमजाची होती.

गुळाचा स्वभाव असा, कीं तो हवेंतील ओल शोषून घेतो. साखरेच्या दाण्यांत बहुतेक शुद्ध सुक्रोजच असतें, म्हणून ती बरीच कोरडी राहते. गुळांत त्याबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उंसांतील क्षार राहतात, आणि त्यांना पाणी प्रिय आहे. राधानगरी-दाजीपूरचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला त्या हवेंत गुळाचें काय होत असेल हें सांगावयास नको. भिंतींवर बुरशी चढते तेथें गुळाची काय कथा! जुने व्यापारी म्हणूनच पावसाळ्यापूर्वीं गुळाची निरवानिरव करीत, किंवा तो शीतगृहांत ठेवीत. आमच्या तरुणानें उन्हाळ्यांत बांधलें त्याच पातळ पाकिटांत आषाढांत गूळ बांधला. यंत्र नवें होतें, हातही सरावलेले होते, परंतु बांधतांना खोलींतली दमट हवा पाकिटांत गेली आणि गुळाबरोबर ग्राहकाच्या घरीं पोंचली.

रंगाची तक्रार निराळ्या जातीची आहे. उंसाचा रस काहिलींत उकळूं लागला कीं त्यावर मळी येते. ती वर येऊन निघावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यांत घालण्याची जुनी रीत आहे. अशा गुळाचा रंग तांबूस-तपकिरी येतो, आणि ठेवून ठेवून तो आणखी गडद होतो. बाजारांत जो झगझगीत पिवळा गूळ दिसतो, त्याला पुष्कळदां हायड्रॉस पावडरीनें रंग आणलेला असतो. शहरांतील गिऱ्हाइकानें आजवर पिवळाच गूळ पाहिलेला असल्यास त्याला चांगला गूळ वाईट वाटावा, यांत त्याचा दोष नाहीं. त्याला हें अगोदर सांगितलें पाहिजे होतें. त्या तरुणानें मांडलेलें छायाचित्र तर उन्हांत काढलेलें, सोन्यासारखें पिवळें दिसणारें! चित्रांत एक आणि पाकिटांत दुसरें, असें झाल्यावर ग्राहकास फसवणूक वाटली तर त्याला काय म्हणावें?

आतां जुलैंतला ओला गूळ ऑगस्टांतल्या विक्रीस कसा बाधला, हेंही पाहावयास हवें, कारण पुष्कळ विक्रेत्यांस हा दुवा लागत नाहीं. भर बाजारांत दुकान असलें तर रस्त्यानें जाणारा तें पाहतोच. ऑनलाईन पेठेंत कोणाचें दुकान रस्त्यावर असावें आणि कोणाचें आंतल्या बोळांत, हें दररोज नव्यानें ठरतें. तें यंत्र ठरवितें, आणि ठरवितांना पुडे किती परत आले, ग्राहकांनीं किती तारे दिले, माल वेळेवर गेला कीं नाहीं, साठा मध्येंच संपला काय, असल्या गोष्टी जमेस धरतें. म्हणून विक्रेत्यानें चार आंकडे वेगळे काढावे: किती जणांनीं दुकान पाहिलें, किती जण आंत डोकावले, किती जणांनीं घेतलें आणि किती जणांनीं परत केलें. पाहणारेच कमी झाले असतील तर दुकान बोळांत गेलें आहे, किंवा गिऱ्हाईकच बाजारांत आलेलें नाहीं. पाहणारे तितकेच असून घेणारे कमी झाले असतील तर भाव, चित्र किंवा शेजाऱ्याचा माल तपासावा. दोहोंचा उपाय एक नव्हे. ताप आणि मोड यांना एकच मात्रा देणाऱ्या वैद्याचें जें होतें तेंच येथें होतें.

दुकान कोणत्या नियमानें पुढें येतें, हें विचारण्याचा आधारही कायद्यांत आहे. जुलै २०२० मध्यें ग्राहक संरक्षण कायद्याखालीं ई-कॉमर्सचे नियम झाले; माल किंवा विक्रेता यांचा क्रम लावतांना मुख्यतः कोणत्या बाबी पाहिल्या जातात, याचा खुलासा पेठेनें सोप्या भाषेंत द्यावा, असें त्यांत म्हटलें आहे. मोठ्या पेठा कांहीं निवडक विक्रेत्यांस झुकतें माप देतात, अशा तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानें जानेवारी २०२० मध्यें चौकशीचा आदेश दिला होता. तेव्हां विक्रेत्याचा संशय अगदींच निराधार असतो असें नाहीं. मात्र संशय हा हिशेब तपासून झाल्यावर घ्यावा. खाद्यपदार्थ विकणाराचा अन्न सुरक्षा परवाना संपला असेल तर त्याचा माल पेठेंतून काढला जाऊं शकतो. आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें अन्न सुरक्षा प्राधिकरणानें ऑनलाईन व्यापाऱ्यांस सांगितलें, कीं ग्राहकाच्या हातीं पडतांना मालाच्या मुदतीचा निदान ३० टक्के भाग किंवा ४५ दिवस शिल्लक असावे. या गोष्टी ठाऊक नसल्या तर जुन्या मुदतीचा माल मागें कां पडला, याचें कोडें सुटावयाचें नाहीं.

यानंतर पंचांग. हें नांव ऐकून कोणी हंसूं नये. विक्रीची तुलना लोक मागच्या महिन्याशीं करतात, थोडे शहाणे मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशीं करतात; पण आपल्याकडे तेंही पुरत नाहीं. गुळाचा खप सणांशीं बांधलेला आहे आणि सण तिथीशीं. गणेशचतुर्थी २०२३ मध्यें १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षीं अधिक श्रावण आला. २०२४ मध्यें ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्यें २७ ऑगस्टला. मोदकांसाठीं जो गूळ २०२३ सालीं सप्टेंबरच्या मध्यास खपला, तोच २०२५ सालीं ऑगस्टमध्येंच खपून गेला. दोन सप्टेंबर शेजारीं ठेवून पाहणारास वाटावें, धंदा बुडाला! लक्ष्मीपूजन देखील २०२३ मध्यें १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्यें १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्यें २१ ऑक्टोबरला झालें. २०२६ मध्यें अधिक ज्येष्ठ असल्यामुळें चतुर्थी पुन्हां १४ सप्टेंबरवर जाते. संक्रांत तेवढी सूर्यावर चालणारी, म्हणून जानेवारीच्या चौदा-पंधरा तारखेस ठाम. विक्रीच्या वहींत तारखेशेजारीं तिथीचा एक रकाना आंखला, तर निम्मी घाबरगुंडी तेथेंच ओसरेल. पेठेच्या यंत्रानें काढलेल्या आलेखांत हा रकाना नसतो, तो घरच्या वहींतच घालावा लागतो.

कित्येकदां कारण ना विक्रेत्याचें असतें, ना पेठेचें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आणि २०२१ च्या जुलैमध्यें महापुरानें पुणें-बंगळूर महामार्ग कोल्हापुरापाशीं बंद पडला. मागणी होती, माल होता, पण तो न्यावयास गाडी येत नव्हती. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली तेव्हां ऑनलाईन पेठांनींही जीवनावश्यक वस्तूंखेरीज इतर मागण्या घेणें थांबविलें. चपला विकणाराचा धंदा एका रात्रींत शून्यावर आला, गूळ विकणाराचा मात्र तग धरून राहिला.

कोल्हापुरी चपलेचीच आणखी दोन उदाहरणें २०२५ सालचीं आहेत. परदेशांतून थोड्या किंमतीच्या वस्तू मागविल्या तर त्यांवर जकात न घेण्याची सवलत अमेरिकेंत होती, तिची मर्यादा ८०० डॉलर. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. तत्पूर्वीं दोनच दिवस, २७ ऑगस्टला, भारतीय मालावरील अमेरिकेची वाढीव जकात ५० टक्क्यांवर गेली होती. ती जकात कशी गोळा करावयाची याची व्यवस्था न लागल्यानें भारतीय टपाल खात्यानें २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणारीं बहुतेक पार्सलें घेणें थांबविलें, आणि तें पुन्हां सुरू झालें १५ ऑक्टोबरला. सातासमुद्रापलीकडे एकेक जोड टपालानें पाठविणाऱ्या कारागिरास या सात आठवड्यांत भाव उतरवून काय मिळणार होतें? रस्ताच बंद होता.

देशांतल्या देशांत त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. वस्तु व सेवा कर दिवाळीपर्यंत उतरेल, अशी घोषणा १५ ऑगस्टला झाली. २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पांच टक्के कर हा नवा दर २२ सप्टेंबरपासून लागू झाला. मध्यंतरींच्या पांच आठवड्यांत ज्याला खरेदीची घाई नव्हती तो थांबला असल्यास नवल नाहीं. त्यांतच पितृपक्ष येऊन गेला, आणि २२ सप्टेंबर ही नेमकी घटस्थापना होती. ज्यानें सप्टेंबरांत घाबरून माल पडेल भावांत काढला, त्याला नवरात्रांत गिऱ्हाईक आलें तेव्हां विकावयास माल उरला नसेल.

तेव्हां थांबणें हाही उपाय आहे. पण थांबावयास अन्नपाणी लागतें, पतसंस्थेचा हप्ता लागतो, आणि पुडे बांधणाऱ्या बायकांची मजुरी लागते. मंदी आली म्हणून त्या दोघींस उद्यांपासून येऊं नका म्हणून सांगणें हा दुसरा सोपा उपाय. तोही भाव उतरविण्यासारखाच महाग पडतो, कारण हातास वळण लागलेलें माणूस हंगामाच्या तोंडावर पुन्हां मिळत नाहीं. दिवस अर्धा करावा, काम वांटून द्यावें, आणि खरी स्थिति त्यांना सांगावी. हप्त्याविषयीं पतसंस्थेकडे चुकल्यावर जाण्यापेक्षां चुकण्यापूर्वीं गेलेलें बरें. आणि तेजीच्या महिन्यांत आलेला सगळा पैसा नव्या मालांत घालूं नये, हें त्या तरुणास कोणी सांगितलें नव्हतें असें नाहीं, बाप सांगतच होता. पण तेजींत बापाचें ऐकणारा मुलगा विरळा.

त्याच्यापुढें दुसरीं दारें नव्हतीं असेंही नाहीं. बाप रवे यार्डांत नेत होता तें दार उघडेंच होतें. किलोमागें भाव कमी, परंतु पैसा रोख आणि परत येण्याची भीति नाहीं. दाजीपूरचें अभयारण्य पाहावयास आणि मे अखेरीस काजवे पाहावयास राधानगरींत शेंकडों लोक येतात. त्यांच्या हातीं आमसुलें आणि काकवीची बाटली कोणी ठेवली तर ती ते आनंदानें नेतात. पेठेवर ज्यानें गूळ घेतला तो ग्राहक पेठेचा. त्याचें नांव-गांव विक्रेत्यास ठेवतां येत नाहीं, आणि पुड्यांत चिठ्ठी घालून त्याला परस्पर बोलावणें अनेक पेठांच्या नियमांत बसत नाहीं. पण जो दाजीपुराहून परततांना दारांत थांबला आणि आपण होऊन आपला क्रमांक देऊन गेला, तो विक्रेत्याचा स्वतःचा ग्राहक. असे दीडशें जोडले म्हणजे मंदीच्या महिन्यांत निदान मजुरी निघते. ही जोडणी तेजींत करावयाची असते, आणि नेमकी तेव्हांच तिला फुरसत नसते!

या सर्वांहून अवघड एक गोष्ट आहे, आणि तिचा हिशेबाशीं संबंध नाहीं. दुकान बंद पडलें तर गांवास दिसतें, चार माणसें विचारतात. ऑनलाईन विक्री बंद पडली तर कोणासच दिसत नाहीं. मोबाईल तोच, खोली तीच, मुलगा तसाच मान खालीं घालून बसलेला. पुण्याची नोकरी सोडून आलेल्यास तर हें उघड करण्याची लाज अधिक. जामीन राहिलेला चुलता समोरून आला तर तो वाट बदलतो. अशा मौनांतूनच पुढें दुसरें कर्ज निघतें, आणि तें पतसंस्थेचें नसतें.

आमच्या कल्पिलेल्या तरुणानें बापाबरोबर तीन रात्री बसून जुलैची पट्टी ओळीओळीनें उतरून काढली. भाव पुन्हां १५० वर नेला. जाड, दुहेरी पाकिटें मागविलीं, आणि तीं येईपर्यंत विक्री आपण होऊनच बंद ठेवली. ओल्या दिवशीं गूळ बांधावयाचाच नाहीं असें ठरविलें. छायाचित्र बदललें. हा गूळ काळसर कां आहे, भेंडी काय करते, पावसाळ्यांत पुडा उघडल्यावर घट्ट झांकणाच्या बरणींत कां ठेवावा, हें पांच ओळींत लिहिलें. साठवलेल्यापैकीं दहा रवे बापाबरोबर यार्डांत नेले; तेथें आलेल्या पट्टीवर दोन हप्ते भागले. चतुर्थीच्या आधीं दिवसास नऊ मागण्या आल्या, दिवाळीपूर्वीं चौदा. पंचवीस कांहीं झाल्या नाहींत, आणि पन्नासांचा हिशेब त्यानें वहींतून खोडून टाकला. परत येणारा पुडा पुन्हां शंभरांत एखादा राहिला.

पाडव्याच्या दिवशीं मुहूर्ताचा सौदा पाहून येतांना तो चुलत्याच्या घरीं गेला आणि घडलें तें सर्व त्यास सांगितलें. चुलता कांहीं बोलला नाहीं. त्यानें खिशांतून चष्मा काढला आणि म्हणाला, “आण हिकडं ती पट्टी.”